म्हात्र्यांच्या नावाने एक ग्लास

३ जानेवारी १९९४, रात्री

डायरी लिहायला घेतली. ऑफिसात आली होती, कोणी नेत नव्हतं. मी नेली.

कारण: सूड.

महादेव म्हात्रे. तळमजला. वय अठ्ठावन्न. उलव्याला वडिलोपार्जित जमीन, इथे पनवेलला फ्लॅट, पोट अजिबात नाही. काल सोसायटीचा सत्यनारायण होता. मी प्रसाद घ्यायला जिना उतरून खाली आलो तर हा माणूस सगळ्या बिल्डिंगसमोर म्हणाला, गुप्तेसायब, तुमचं पोट आदी येतं, तुमी मागून येता.

सगळे हसले. गुरुजी हसले. शकू हसली. वीस वर्षं माझ्याशी संसार केलेली बायको, पदर तोंडाला लावून हसली. घरी आल्यावर विचारलं, तर म्हणाली, मला ठसका लागला होता.

ठरलं. एक मेला मंडळातर्फे वडाळे तलावाभोवती चालण्याची स्पर्धा असते. पंचेचाळीसच्या वरच्या गटात दरवर्षी म्हात्र्यांचा कप. यंदा तो कप माझ्या शोकेसमध्ये. आणि ते मला पहिल्या नंबरवर येताना मागून बघतील.

कसं, तेही ठरलंय. सलूनमध्ये नंबर लागेपर्यंत एका मासिकात लेख वाचला. उषःपान. पहाटे उठून, तोंडही न धुता, रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी पोटभर प्यायचं. मेद, पित्त, बद्धकोष्ठ, सांधेदुखी, केस गळणं, सगळं जातं. लेखाचं शेवटचं पान कोणीतरी फाडलं होतं, पण मुद्दा कळला.

म्हात्रे रोज पहाटे चालतात. चालोत. चालणं जनावरंही करतात. पाणी हे शास्त्र आहे.

४ जानेवारी

गजर पाचचा लावला होता. वाजला असं शकू म्हणते. आठला पाणी प्यायलो, चहाबरोबर. पहाट कधी संपते हे लेखात दिलेलं नव्हतं. बहुधा फाटलेल्या पानावर असेल.

५ जानेवारी

आज खरी सुरुवात. नळाला पाणी येतं त्या वेळेला उठलो. नुसतं पाणी घशाखाली उतरेना. मग युक्ती सुचली. प्रत्येक ग्लास म्हात्र्यांच्या एकेका अपराधाच्या नावाने.

पहिला: सत्यनारायण. गटागट गेला.

दुसरा: शकूला हसवल्याबद्दल. तोही गेला.

तिसरा: गेल्या वर्षी माझी स्कूटर चालू होत नव्हती तेव्हा गॅलरीतून नुसतं बघितल्याबद्दल. (नंतर खाली येऊन ढकलली, ते वेगळं.)

चौथा अर्धा राहिला. मळमळलं. शकू म्हणाली, अहो, घोट घोट घ्या, बादली भरताय का. तिला यातलं काय कळणार.

नंतर ऑफिसला जायला उरणची एसटी पकडली. गव्हाणफाट्यापर्यंत ठीक होतं. जासईच्या अलीकडे, जिथे दोन्ही बाजूंना मिठागरं आहेत आणि आडोसा म्हणून एक झाड नाही, तिथे कंडक्टरला बेल मारायला सांगावं लागलं. कंडक्टर म्हणाला, काका, घरून करून निघत जा. मी उतरलो. मागे वळून बघितलं नाही. पण खिडक्या भरल्या होत्या, हे पाठीला कळतं.

संध्याकाळी जिन्यात म्हात्रे. म्हणाले, सायब, मिठागरात गाडी थांबवलीत म्हनं.

यांना कोणी सांगितलं? उद्या पाचवा ग्लास.

१४ जानेवारी, संक्रांत

म्हात्रे आणि त्यांच्या मिसेस तिळगूळ घेऊन वर आले. गोड बोला म्हणाले. तिळगूळ घेतला. गोड बोलण्याचं कबूल केलं नाही. नुसती मान हलवली, ती मान्यता धरता येणार नाही.

गुळाच्या पोळ्या सहा झाल्या. शकूने डोळे वटारले. तिला समजावलं, इतकं पाणी पिणाऱ्याला अन्न बाधत नाही, आतल्या आत धुऊन जातं.

म्हात्र्यांच्या घरचे लाडूही संपवले. शत्रूचा साठा कमी केला.

२ फेब्रुवारी

प्रगती थक्क करणारी. आता पाणी ढकलावं लागत नाही, आपोआप मागितलं जातं. पहाटे, न्याहारीला, ऑफिसात, झोपताना. आज शिपाई विठू म्हणाला, साहेब, तुमच्यासाठी माठ वेगळा ठेवू का. लोकांनाही फरक दिसतोय.

एकच अडचण. अपराध संपत आले. ग्लास वाढलेत आणि म्हात्रे संक्रांतीनंतर काही बोललेच नाहीत. आज एक ग्लास त्यांच्या शिट्टीच्या नावाने प्यायलो. आंघोळ करताना शिट्टी वाजवतात. एक त्यांच्या लुंगीच्या रंगाबद्दल. एक ते १९८९ साली गणपतीच्या वर्गणीच्या मीटिंगला माझ्या आधी बोलले होते, त्याबद्दल. शोधलं की सापडतं.

२० फेब्रुवारी

विजय! पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं.

स्टेशनवर जाऊन वजनाच्या काट्यात नाणं टाकलं. लाल-हिरवे दिवे लागले, चाक फिरलं, तिकीट पडलं. वजन झपाट्याने उतरलंय. तिकिटाच्या मागे भविष्य असतं. त्यावर छापलं होतं: शत्रु परास्त होंगे.

रेल्वेच्या स्टेशनवरच्या यंत्राला म्हात्रे कसे माहीत? पण छापलंय.

घरी येऊन शकूला दाखवलं. ती तिकीट न बघता माझ्या गळ्याकडे बघत होती. म्हणाली, कॉलर केवढी सैल झालीय. म्हटलं, तेच तर.  कौतुक करायची तिला सवयच नाही.

९ मार्च

बाथरूममध्ये मुंग्या. रोज. पाणी ओतलं तरी तासाभरात परत रांग. रांग मोरीतून येते. मोरीचा पाईप थेट खाली म्हात्र्यांच्या बागेत उतरतो, जिथे त्यांनी फणस लावलाय. म्हणजे मुंग्या त्यांच्याच.

खाली जाऊन स्पष्ट बोललो. तुमच्या मुंग्या आवरा. म्हात्रे मुंग्यांबद्दल बोललेच नाहीत. माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, सायब, तुमी लय उतरलाव. डाक्टरला दाखवा एकदा. आयका माजं.

आवाज इतका मऊ काढला की क्षणभर मलाच काहीतरी वाटलं. पण मी ओळखलं. हाच तो क्षण. जळतोय माणूस! अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी स्पर्धक दिसला, आता त्याला डॉक्टरच्या रांगेत बसवायचा डाव.

म्हटलं, म्हात्रे, एक मेला भेटू. आणि वर आलो. जिना चढताना दोनदा थांबलो, पण ते त्यांना तळमजल्यावरून दिसत नाही.

२२ मार्च

शकूही आता डॉक्टर म्हणायला लागली. चौकशी केल्यावर कळलं की म्हात्र्यांच्या मिसेसनी तिला बाजारात गाठून पढवलं. शत्रू माझ्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलाय.

शकूला म्हटलं, माणूस बारीक झाला की तुम्हीच म्हणता जा डॉक्टरकडे, जाड असला की हसता.  म्हणाली, हसले होते, चुकलंच माझं, पण आता जा. डोळ्यांत पाणी होतं. मीही विरघळणार होतो, इतक्यात आठवलं की ही म्हात्र्यांची शिकवणी आहे.

नाही गेलो.

१० एप्रिल

सराव म्हणून पहाटे तळ्याला एक फेरी मारायला गेलो. अर्ध्यावर बसलो. बुटांमुळे. बाटाचे नाहीत, दुसऱ्या कोणाचे तरी आहेत.

तळपायांना मुंग्या येतात (या म्हात्र्यांच्या नव्हेत). शक्ती खाली उतरत असावी. ऑफिसात आकडे धूसर दिसतात. आमच्या ऑफिसातले आकडे तसेही स्पष्ट नसतात. चष्मा दोनदा पुसला.

बसलो होतो तिथून म्हात्रे गेले. थांबले. म्हणाले, चला सायब, संगती जाऊ, हलू हलू. मी म्हटलं, मी ध्यान करतोय. ते पुढे गेले. वळणावर मागे वळून बघितलं त्यांनी. घाबरलेत.

३० एप्रिल, रात्री

सगळी तयारी झाली. पांढरी पँट, शकूने आत घेतलेली. पाणी भरून ठेवलंय. शिवाय ताकदीसाठी ग्लुकोजचा अख्खा डबा आणला, ऊन असतं.

कप घेताना दोन शब्द बोलावे लागतील. मुद्दे: एक, मंडळाचे आभार. दोन, पाण्याचं महत्त्व. तीन, काही लोक दुसऱ्याच्या शरीरावरून विनोद करतात, त्यांना मी मोठ्या मनाने क्षमा करतो. इथे म्हात्र्यांकडे बघायचं. ते खाली बघतील. मग टाळ्या. शकू पहिल्या रांगेत.

शकू म्हणाली, नका जाऊ उद्या. पाया पडते. तिला म्हटलं, कप घासायला पितांबरी आणून ठेव.

४ मे, डॉ. टिपणिसांचं नर्सिंग होम

 शकू म्हणते लिहू नका. ती बाहेर गेली म्हणून लिहितोय.

झालं ते असं.

पहाटे पाणी प्यायलो. मग एक मोठा जग भरून ग्लुकोजचं पाणी. झेंडावंदन झालं, शिट्टी वाजली. निघालो. मी पुढे! खरंच पुढे. म्हात्रे माझ्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, पण पुढे जाईनात. मला वाटलं, जमत नाही त्यांना. आनंदाने छाती भरून आली. बाकीचे सगळे आमच्या पुढे निघून गेले हे माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी फक्त म्हात्र्यांकडे बघत होतो.

दुसऱ्या फेरीत जीभ टाळ्याला चिकटली. घाट दोन दिसायला लागले. म्हात्रेही दोन. मनात आलं, एक हरवणं कठीण होतं, आता दोन. त्यापुढचं मला आठवत नाही.

पुढचं शकूने सांगितलं. मी तळ्याच्या कठड्यावर कोसळलो. म्हात्र्यांनी स्पर्धा तिथेच सोडली. मला उचललं, त्या वयात, एकट्याने. मंडळाची जीप बक्षिसांनी भरली होती. बक्षिसं रस्त्यावर उतरवली, मला चढवलं. कप कोणा काशिराम नावाच्या माणसाला गेला. पोस्टातला आहे. त्याने कोणाचंही काही वाईट केलेलं नाही. तरी त्याला गेला.

डॉ. टिपणिसांनी लॅबमधून रक्त तपासून घेतलं. आकडा ऐकून त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा विचारला. मग शकूला म्हणाले, वहिनी, साखर आहे, आणि बरेच महिने अंगावर काढलीय. आज यांना घरी झोपवून ठेवलं असतं तर उद्या मला काही करता आलं नसतं.

शुद्धीवर आल्यावर मी त्यांना म्हटलं, पण डॉक्टर, पाण्याने वजन उतरलं ना? ते म्हणाले, गुप्ते, सकाळी पाणी प्या, चांगलंच आहे, कोठा साफ राहील. पण पाण्याने चरबी धुतली जात नाही. तुम्ही पाणी प्यायलात म्हणून बारीक झाला नाहीत. साखर वाढली म्हणून तहान लागली, आणि साखरेनेच बारीक केलं. बाथरूममध्ये मुंग्या दिसत नव्हत्या का?

म्हणजे मुंग्या म्हात्र्यांच्या नव्हत्या.

शकू खुर्चीत बसून रडली. आवाज न करता, बराच वेळ.  शेवटी म्हटलं, पितांबरी परत करून ये. तेव्हा हसली. मग परत रडली.

म्हात्रे तिन्ही रात्री बाहेर बाकावर झोपले होते म्हणे.

बदला घ्यायला निघालो होतो मी, आणि त्यांनी माझा जीव वाचवला. याच्यापुढे मी आता काय करणार? संपूर्ण बिल्डिंगसमोर! माणूस इतका खुनशी असू शकतो?

१९ मे

घरी. इंजेक्शन. भात नाही, आंबा नाही. ऐन मे महिन्यात, खाली म्हात्र्यांकडे पाट्या उतरत असताना, आंबा नाही.

डॉक्टरांनी रोज सकाळी चालायला सांगितलं. एकट्याने नाही, कोणीतरी बरोबर हवं. मी म्हटलं, बघतो कोणी मिळतं का. शकू म्हणाली, मी सांगितलंय.

कोणाला, ते विचारलं नाही.

२० मे

पहाटे बेल वाजली. दारात म्हात्रे. पायात कॅनव्हास, खिशात साखरेची पुडी, माझ्यासाठी. म्हणाले, चक्कर आली तं तोंडात टाकाय. चला.

झोपेचं सोंग घ्यायचं राहून गेलं.

३ जून

रोज येतात. एक दिवस चुकत नाहीत. आज तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो तेव्हा न राहवून विचारलं, म्हात्रे, तुम्हाला कसं कळलं होतं?

त्यांनी कॅनव्हासची नाडी बांधली. मग म्हणाले, माजा धाकटा भाव भगवान. करंज्याला होडी होती त्याची. तो बी असाच घटाघटा पानी प्यायचा. आमी हसायचो, दर्या पितो म्हनायचो. असाच सुकला. पायाला काटा लागला, बरा झाला नाय. पयले पाय गेला, मग तो गेला. तवा कोनाला म्हाईतच नव्हतं काय ते.

 परत येताना रस्ता ओलांडताना त्यांनी माझा दंड धरला. सोडवून घेतला नाही.

त्या दिवशी शेजारी चालत होते, पुढे जात नव्हते, ते का, हे आज कळलं. कळायला नको होतं. जानेवारीपासूनची सगळी मेहनत फुकट गेली.

११ ऑगस्ट

डॉक्टर खूष. साखर उतरली, इंजेक्शन सुटून गोळीवर आलो. आता दोन फेऱ्या होतात, न बसता.

पुढच्या एक मेची योजना मनात आहे. म्हात्र्यांना थोडी कल्पना दिली, बेसावध शत्रूला हरवण्यात अर्थ नाही. ते म्हणाले, मग हात हलवा जरा, लग्नाच्या वरातीत चालल्यावानी चालता. हात कसे हलवायचे ते दाखवलं. म्हणजे स्वतःला हरवायचं कसं तेच मला शिकवतोय हा माणूस. अहंकार!

२५ सप्टेंबर

आज सकाळपासून म्हात्र्यांवर रागवायला काही सापडलं नाही. शिट्टीही नाही. चुकल्यासारखं वाटतंय.

संध्याकाळी सापडलं. म्हणाले, दसऱ्याला उलव्याच्या नव्या घराची वास्तुशांत. पोरगा आनि सूनबाई म्हनतात आता तिकडंच चला. इकडचा फ्लॅट भाड्यानं देऊ.

चार महिने रोज पहाटे एकत्र चालतोय आणि हे आत्ता सांगतात. याला म्हणतात विश्वासघात.

१६ ऑक्टोबर

टेम्पो सकाळीच आला. सामान मीच चढवून दिलं, म्हणजे लवकर जावेत म्हणून. त्यांच्या मिसेस शकूच्या गळ्यात पडल्या. म्हात्रे म्हणाले, या कदी उलव्याला. खाडीच्या बांधावरून चालाय मोप जागा हाय. गोळी चुकवू नका. म्हटलं, बघू. आभार मानायचे मनात होते. तोंडातून निघालं, फणसाचं काय करणार? ते म्हणाले, तुमी पानी घाला त्याला.

टेम्पो गेला.

शत्रूने मैदान सोडलं. म्हणजे मी जिंकलो. पेढे आणायला हवे होते, पण खाता येत नाहीत.

फणसाला दोन बादल्या घातल्या.

१७ ऑक्टोबर

पहाटे उठलो. बूट घातले. खुर्चीत बसून राहिलो. उजाडलं, दूधवाला येऊन गेला, पेपर आला. शकू बाहेर आली, म्हणाली, कोणाची वाट बघताय? म्हटलं, कोणाची नाही, बूट सैल करतोय.

ती आत गेली. साडीचा पदर खोचून, चपला घालून परत आली. म्हणाली, चला.

म्हटलं, तुला झेपणार नाही. तळं मोठं आहे. मी आता वेगात चालतो.

पहिल्या वळणापर्यंत ती माझ्या पुढे होती. दुसऱ्या वळणावर दिसेनाशी झाली. मी घाटावर पोचलो तर मॅडम पायऱ्यांवर बसलेल्या, कोणा बाईशी गप्पा मारत, पायातला खडा काढत. मला बघून म्हणाली, आलात? आणि हसली. पदर वगैरे काही लावला नाही तोंडाला.

वीस वर्षं ही बाई माझ्या मागून चालत होती. मुद्दाम.

बघून घेईन.